आप्पांचं बोट उठत नव्हतं

"आईवडील गावाकडं, मी इथं. त्यांच्यासाठी एवढ्या सोयी आहेत, सगळी माहिती काढून दिली, तरी दोघं जागचे हलत नाहीत. काय करावं?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडं सल्ल्याला येणारी माणसं बहुधा पन्नाशीच्या आसपासची असतात, आणि बोलताना रागावलेली असतात. राग थोडा आईवडिलांवर, बराचसा स्वतःवर. त्यातलीच एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

लेक ठाण्यात नोकरीला, आईवडील कराड तालुक्यातल्या एका गावात. आप्पा ७८ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त. माई ७३. माईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आप्पांना गुडघ्यांचा त्रास. लेकीनं आल्या आल्या माझ्यापुढं एक कागद ठेवला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ज्येष्ठांच्या योजनांची यादी, अकरा नावांची, छापून आणलेली. "एवढं सगळं आहे, आणि आप्पा म्हणतात, आम्हाला काही नको."

त्या दिवशी मी जे केलं ते आज करणार नाही. यादी घेऊन चाळायला बसले. श्रावणबाळ योजना खोडली, कारण त्यासाठी वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं आणि आप्पांना महिना २,२०० रुपये पेन्शन, म्हणजे वर्षाचे २६,४०० होतात. वय वंदना कार्ड ठेवलं. ७० वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यावर मिळतात, आणि काढायला आधार कार्ड पुरतं. फक्त एवढं बजावलं की ते योजनेत असलेल्या रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. बाहेरच्या डॉक्टरची फी नि दुकानातल्या गोळ्या त्यात येत नाहीत. त्याच्या चौकशीसाठी १४५५५ आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ असे दोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. लेक समाधानानं गेली. मीही.

दोन महिन्यांनी ती परत आली. कागद स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला होता आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माईंनी दुधाचा हिशेब मांडला होता.

मग मी आप्पांशीच बोलायचं ठरवलं, फोनवर. पहिल्या दोन वेळा पाऊसपाण्याच्या पलीकडं काही गेलं नाही. योजनांचा विषय काढला की एकच उत्तर, "ताई, ते गरिबांसाठी असतंय. आम्ही काय भिकेला लागलोय का?" ही ऐट म्हणायची की अडाणीपणा, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. मला तेव्हा ऐटच वाटली होती.

तिसऱ्या फोनला मी सहज विचारलं, "बँकेत शेवटचं कधी गेला होतात?" पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग हळूहळू बाहेर आलं. आदल्या वर्षी दिवाळीनंतर ते हयातीचा दाखला द्यायला गेले होते. यंत्रावर अंगठा ठेवला, उठला नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, काहीच नाही. जन्मभर ऊस आणि यंत्रं हाताळलेले हात, वर उतारवय. बोटांवरच्या रेघाच पुसट झालेल्या. काउंटरवरचा मुलगा रांगेला ऐकू जाईल असा म्हणाला, "आजोबा, तुमचं बोटच उठत नाही, कशाला सारखं येताय?" रांगेत गावातले दोघंतिघं होते. त्यातला एक हसला.

"त्या दिवसापासनं मी कुठल्याच काउंटरला गेलो न्हाई," आप्पा म्हणाले. दाखला गेला नाही म्हणून पेन्शन थांबली होती. सात महिने. घर मुदत ठेव मोडून चाललं होतं, आणि हे माईंनाही पुरतं माहीत नव्हतं. "लेकीला सांगू नका."

इथं माझी पंचाईत झाली. सल्ला घ्यायला आलेली लेक, तीच मला विचारणार. मी आप्पांना म्हटलं, मी सांगणार नाही, पण तिनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तुम्हीच सांगाल तर बरं. दाखल्याचं काय करता येईल तेवढं मात्र आज बोलू.

त्यांना वाटत होतं, दाखला फक्त नोव्हेंबरात घेतात, म्हणजे आता वर्ष गेलंच. त्यांची पेन्शन भविष्य निर्वाह निधीची. त्यात दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. पोस्टमन घरी येऊन काढून देतो. बोट उठत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यानं चेहऱ्यावरूनही होतो. आप्पांनी हे दोनदा वदवून घेतलं. "म्हणजे बोट लागत न्हाई?"

नाही लागत.

मग मी एक आगाऊपणा केला. विचारलं, "एसटीचं तिकीट काढता का हो तुम्ही?" पंच्याहत्तरीपुढं आपल्याकडं एसटी फुकट आहे, २०२२ च्या ऑगस्टपासून. आप्पा उत्साहानं सांगायला लागले, पंढरपूरला दोनदा जाऊन आले, कंडक्टरला आधार कार्ड कसं दाखवतात, माईंचं कसं अर्धं तिकीट लागतं. म्हटलं, "ते नाही का फुकटचं?" "अहो, ते वयाचं आहे!" आणि स्वतःच थांबले. मी पुढं काही बोलले नाही.

लेकीशी बोलणं मात्र जास्त अवघड गेलं. ती रोज रात्री नऊला फोन करायची. गोळी घेतली का, कार्ड काढलं का, तो कागद वाचला का. मी तिला म्हटलं, हा फोन साहेबाचा आहे, लेकीचा नाही. दोन आठवडे योजनेचं नाव काढू नकोस. आप्पांना एवढंच विचार, तालुक्याला जायचं असलं की सोबत कोण असतं? तिला हा प्रश्न फारच साधा वाटला. पण उत्तरातच सगळं आलं. सोबत कुणी नसतं. शेजारचा मुलगा पुण्याला गेल्यापासून कुणीच नाही. आणि त्याच फोनवर आप्पांनी बँकेतलं सांगितलं. लेक रडली, मग बँकेवर चिडली, मग शनिवारी गावाला गेली.

पोस्टमन सोमवारी आला. घरात अंधार पडतो म्हणून आप्पांना बाहेर ओट्यावर उन्हात बसवलं. मोबाइल समोर धरून पोस्टमन म्हणाला, "डोळे मिचकवा." आप्पांनी दोन्ही डोळे घट्ट मिटूनच घेतले. तीन प्रयत्नांत झालं. पुढच्या महिन्यात थकलेल्या पेन्शनसकट पैसे जमा झाले.

माईंच्या डोळ्यांचं आशाताईंनी मार्गी लावलं. माईंचं मत, आशा म्हणजे बाळंतिणींची आणि डोसाची, म्हाताऱ्यांना तिचं काय! गंमत म्हणजे तीच बाई आठवड्यातून दोनदा त्यांच्या दारावरून जात होती. गावातली कुठलीही सोय शोधायची झाली तर मी आता आधी आशाताईंचा नंबर विचारते, हेल्पलाइन नंतर. त्यांनी माईंना आरोग्य उपकेंद्रात नेऊन रक्तदाब आणि साखर तपासून घेतली आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी सरकारी दवाखान्यात सोबत गेल्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तिथं फुकट होते. ज्या कार्डावरून घरात चार महिने वाद चालला होता, ते या कामाला लागलंच नाही. नंतर निघालं, दोघांचं एकाच दिवशी, आणि ते बरंच झालं, कारण आप्पांच्या गुडघ्याचं कधीतरी करावंच लागणार आहे.

सगळंच जमलं असं नाही. सत्तरीपुढच्यांना बँकेनं घरी येऊन सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलंय. लेकीनं त्या शाखेत तसा अर्ज दिला. "माणूस नाही" एवढं तोंडी उत्तर मिळालं. आता तिनं लेखी मागितलंय, बघू. आप्पा मात्र हल्ली पोस्टात जातात. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंचा दाखला अडकला होता, त्यांना घेऊन गेले आणि डोळे कसे मिचकवायचे ते म्हणे स्वतः करून दाखवलं.

मागच्या महिन्यात लेकीनं माईंच्या कानाचा विषय काढला. टीव्हीचा आवाज शेजारच्या घरात जातो आणि फोनवर प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं. कान तपासून घेऊ म्हटल्यावर माई म्हणाल्या, "माझे कान चांगलेत. तूच ठाण्याला गेल्यापासनं हळू बोलायला लागलीस."

पुढच्या मंगळवारी लेक याच विषयावर बोलायला येणार आहे. येताना यादी आणू नकोस, असं तिला सांगून ठेवलंय.