वाचकांचे प्रश्न : वॅगनवर बसते, तरी रेल्वे का नेत नाही?

प्रश्न : कुंडई येथील आमच्या कारखान्यात 3.6 मीटर व्यासाची आणि 13 मीटर लांबीची पोलादी टाकी तयार होत असून ती कर्नाटकातील तोरणगल्लू येथे पोचवायची आहे. वजन वॅगनच्या क्षमतेत बसते. मग रेल्वेची खास परवानगी कशासाठी लागते?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : वजन हा येथे अडचणीचा मुद्दा नाही, अडचण आहे ती टाकीच्या आकाराची. आपल्या ब्रॉडगेज मार्गावर धावणाऱ्या वाहनाची कमाल रुंदी 3,250 मि.मी. आणि मध्यभागी कमाल उंची 4,265 मि.मी. ठरलेली आहे. आपली टाकी दोन्ही बाजूंना 175 मि.मी. बाहेर येते. साध्या सपाट वॅगनचा तळ रुळांपासून सुमारे सव्वा मीटर उंच असल्याने टाकीचा माथा 4.85 मीटरवर जातो. म्हणून ती ‘ओडीसी’, म्हणजे मर्यादेबाहेरच्या मापाचा माल ठरते.

मात्र सरळ रुळावरच्या मापानेच सगळे ठरत नाही, आणि वाहतूकदारांचा अंदाज बहुधा येथेच चुकतो. वॅगनच्या दोन बोगींच्या, म्हणजे तिच्या खालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या, मध्यांत 15 मीटर अंतर असेल, तर 8 अंशांच्या वळणावर, म्हणजे सुमारे 219 मीटर त्रिज्येवर, वॅगनचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला 129 मि.मी. सरकतो. त्यातच बाहेरचा रूळ 75 मि.मी. उंच ठेवलेला असेल, तर तीन मीटर उंचीवर, जेथे आपली टाकी सर्वांत रुंद आहे, ती आणखी सुमारे 130 मि.मी. आत झुकते. वळणावर बांधकामे रुळांपासून थोडी दूर ठेवलेली असतात हे खरे, पण तो हिशेब नेहमीच्या वाहनांच्या मापाचा असतो.

टाकी आणि बोगदा, पूल, खांब किंवा फलाट यांच्यामध्ये किती जागा मोकळी राहते, त्यावरून मालाचा वर्ग ठरतो. 229 मि.मी. (9 इंच) किंवा अधिक मोकळी जागा असेल तर ‘ए’, 152 ते 229 मि.मी. असेल तर ‘बी’ आणि त्याहून कमी असेल तर ‘सी’. ‘सी’ वर्गाला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करतात, आणि मला ही व्यवस्था फार योग्य वाटते. गाडी चालवणाऱ्याच्या घाईपासून तपासणारा दूर असावा. वर्ग ठरतो तो मार्गातल्या सर्वांत अरुंद ठिकाणावरून. बाकीचा सगळा मार्ग मोकळा असला तरी एका बोगद्याच्या कमानीमुळे गाडी अडू शकते.

आपल्या बाबतीत ते ठिकाण घाटात असण्याचा संभव मोठा. गोव्यातील कुळे ते कर्नाटकातील कॅसलरॉक हा 1 : 37 चढाचा मार्ग पोर्तुगीज अमदानीत मीटरगेजसाठी आखला गेला आणि 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाला. डोंगर कापत जाणाऱ्या या मार्गावर बोगदे आणि तीव्र वळणे एकामागोमाग येतात. विजेच्या तारेचा प्रश्न वेगळाच : 4.85 मीटरवर गेलेल्या माथ्याला, पुलाखाली किंवा बोगद्यात तार खाली आणलेली असेल तेथे, पुरेसे अंतर उरले नाही, तर त्या टप्प्यातला वीजपुरवठा बंद करून डिझेल इंजिनाने गाडी न्यावी लागते.

मधला तळ खाली असलेली वेल वॅगन मिळाली तर उंचीची अडचण पुष्कळ कमी होईल, पण रुंदीची तशीच राहील. म्हणून टाकी पूर्ण होण्याआधीच रेखाचित्र हुबळी विभागाकडे द्यावे. त्यात केवळ व्यास देऊ नये. बाजूला येणारे नोझल (नळी जोडण्याचे तोंड), फ्लँज (त्याची जोडकडी), उचलण्याचे कान, खालची सॅडल (टाकी टेकते तो आधार) यांची सर्वांत बाहेरची मापे, रुळापासूनच्या उंचीसह, दाखवावीत. आडवे आलेले 150 मि.मी. लांबीचे एकच नोझल टाकीला ‘बी’ मधून ‘सी’ मध्ये ढकलू शकते. ते वेल्ड झालेले नसेल, तर प्रवासात माथ्याकडे न जाता तिरके वर राहील असे फिरवता येते का, किंवा मुक्कामी पोचल्यावर जोडता येते का, हे आपल्या डिझायनरला आजच विचारावे.