ऑटोक्रॉसची गाडी: बांधणीचा खर्च आणि धावण्याचा खर्च

आपले पत्र मिळाले. आपण ३४ वर्षांचे असून कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रांची देखभाल पाहता. पती-पत्नी मिळून महिन्याला १,१०,००० रुपये हाती येतात. त्यातून गृहकर्जाचा हप्ता २८,०००, घरखर्च ४८,००० आणि एसआयपी १५,००० वजा जाता १९,००० रुपये उरतात. १.३ लिटर इंजिनाची जुनी मारुती एस्टीम आपण ९०,००० रुपयांना घेऊन ठेवली आहे आणि ती ऑटोक्रॉस या मोटार-शर्यतीसाठी बांधून देण्याचा गॅरेजचा अंदाज ६.५० लाखांचा आहे. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाच्या म्युच्युअल फंडातून ३ लाख काढावेत आणि ३.५० लाखांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे का, असे आपण विचारले आहे. या मार्गाने पैसे उभे करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी मात्र आपण जरूर बांधावी, कारण हा छंद आपल्या हातातल्या कौशल्याशी जुळणारा आहे.

आपल्या हिशेबातली मोठी त्रुटी व्याजदराची नाही. गॅरेजचे अंदाजपत्रक गाडी दारात उभी राहीपर्यंतचे आहे. ती मैदानावर धावण्याचा खर्च त्यात कुठेच नाही. ऑटोक्रॉसमध्ये मातीच्या मैदानावर आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर घड्याळाशी शर्यत असते, त्यामुळे टायर लवकर संपतात आणि ड्राइव्ह शाफ्ट, बुश, क्लच यांची दुरुस्ती सतत निघते. प्रवेशशुल्क, गाडी वाहून नेण्याचे टेम्पोभाडे, इंधन, मुक्काम आणि टायर धरून एका स्पर्धेचे २५,००० रुपये आणि वर्षात पाच स्पर्धा असा अंदाज मी केला, तर वर्षाचे १.२५ लाख, म्हणजे महिन्याचे साधारण १०,४०० रुपये होतात. ३.५० लाखांचे कर्ज १४ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ९,५६० रुपये बसतो आणि एकूण व्याज १.०९ लाखांच्या घरात जाते. १९,००० मधून हप्ता गेल्यावर ९,४४० उरतात आणि धावण्यासाठी १०,४०० लागतात. कर्जाचा हप्ताच गाडीला मैदानापासून दूर ठेवील, आणि तेही मुलीची शाळा, आजारपण, घराची डागडुजी यांसाठी एक रुपयाही बाजूला न टाकता.

मुलीच्या निधीबद्दल थोडक्यात लिहितो. ती सहा वर्षांची आहे, म्हणजे पैसे लागायला अजून बारा वर्षे आहेत. वार्षिक १० टक्के परतावा गृहीत धरल्यास आजचे ३ लाख तोवर सुमारे ९.४ लाख होतात. परताव्याची हमी नसते, पण निधीतून कायमचे काय वजा होते ते या आकड्यावरून कळते. दुसरीकडे, स्पर्धेसाठी बांधलेल्या गाडीवर ओतलेला पैसा विकताना परत येत नाही, कारण गिऱ्हाईक मोजकेच असते आणि ते सुट्या भागांच्या मूळ किमतीच्या फार खाली बोलते. वैयक्तिक वापराची मोटार प्राप्तिकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नसल्यामुळे तो तोटा कशातून वजाही करता येत नाही.

गॅरेजच्या कागदावर इंजिनासाठी २.१० लाख, गिअरबॉक्स आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारी यंत्रणा) यांसाठी १.५० लाख, सस्पेन्शनसाठी १.४० लाख, रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पोलादी नळ्यांचा सांगाडा), सीट आणि हार्नेस (शर्यतीचा सीटबेल्ट) यांसाठी १.३० लाख आणि किरकोळ २०,००० अशा बाबी आहेत. यातली इंजिनाची बाब मी पूर्ण बाजूला ठेवली असती. छोट्या मार्गावर आणि सैल मातीवर वेळ वाचतो तो टायर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि चालकाच्या सरावाने; हेड पोर्टिंग (इंजिनात हवा येण्या-जाण्याचे मार्ग मोठे करणे) करून आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून मिळणारी ताकद समोरची चाके बहुतेक वेळा माती उडवण्यातच घालवतात. शिवाय इंजिनात बदल केले की गाडी जास्त बदलांना मुभा असलेल्या गटात ढकलली जाण्याची शक्यता असते आणि तिथे आपल्यापेक्षा महागड्या गाड्या असतात. म्हणून फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाची नियमावली आणि आपण ज्या स्पर्धेत उतरणार आहात तिचे पूरक नियम आधी नीट वाचावेत, मग कोणताही भाग मागवावा.

सस्पेन्शनचे बुश, ब्रॅकेट, सुटे भाग आपण स्वतः लेथवर करू शकता आणि त्यात खरी बचत आहे. रोल केज मात्र घरी वेल्ड करू नये. एफआयए या मोटर स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांत केजच्या मुख्य कमानीसाठी कोल्ड ड्रॉन सीमलेस पोलादी नळी, ४५ × २.५ किंवा ५० × २ मिलिमीटर, अशी किमान मापे दिलेली आहेत. तांत्रिक तपासणीत केज नाकारला गेला तर तो सगळाच खर्च बुडतो, आणि पास होऊनही तो कमकुवत निघाला तर काय होते हे आपण जाणताच. सीटलाही मुदत असते. एफआयएच्या ८८५५-१९९९ या मानकाची सीट साधारणपणे उत्पादनापासून पाच वर्षे वैध राहते, त्यामुळे वापरलेली सीट स्वस्त मिळते आहे असे वाटले तर आधी लेबलवरचे वर्ष पाहावे.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते तिच्याकडे येतो. गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी अशा वापराला संरक्षण नसते. आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळणुकींत व्यावसायिक म्हणून केलेल्या मोटर रेसिंगमधील दुखापतीचा उल्लेख आहे, म्हणून हौशी सहभागाबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. आपल्याकडे नोकरीतला गट विमा सोडून जीवन विमा नाही. गृहकर्ज आणि मुलीचे वय पाहता किमान १ कोटीचा टर्म विमा पहिल्या स्पर्धेआधी घ्यावा आणि प्रस्तावात हा छंद स्पष्ट लिहावा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. आपले पोट हातावर चालते. मनगट मोडले तर दोन-चार महिन्यांचे उत्पन्न थांबू शकते, म्हणून एफडीतल्या ४ लाखांच्या आपत्कालीन निधीला या कामासाठी हात लावू नये.

केज आणि असे बदल केलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे रस्त्यावर चालवता येत नाही. त्यामुळे टेम्पोभाडे हा हौसेचा खर्च नाही, तो अटळ आहे.

उरणाऱ्या १९,००० मधले १२,००० रुपये या महिन्यापासून वेगळ्या लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाकावेत. व्याज न धरताही अठरा महिन्यांत २.१६ लाख होतात. त्यातून आधी केज, सीट आणि हार्नेस, मग मान्यताप्राप्त हेल्मेट आणि आगरोधक पोशाख घ्यावा. सस्पेन्शनचे काम फावल्या वेळात स्वतः सुरू ठेवावे. मधल्या काळात एखाद्या स्पर्धकाच्या चमूत दोन स्पर्धांना सर्व्हिस क्रू (गाडीची देखभाल करणारा) म्हणून जावे आणि तिथे प्रत्यक्ष किती खर्च होतो याची नोंद वहीत ठेवावी. माझा २५,००० चा अंदाज त्या नोंदीवर तपासून पाहावा आणि तो कमी पडत असेल तर स्पर्धा तीनच कराव्यात. डिफरन्शियलचा विचार गाडी पहिला हंगाम धावल्यावर, आणि इंजिनाचा त्यानंतर, स्वतःच्या वेळांची नोंद समोर ठेवून करावा.