रविवारची सुट्टी कोणत्या कायद्याने मिळाली?

प्रश्न : माझे आजोबा गिरणी कामगार होते. गिरण्यांना रविवारची सुट्टी १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मिळाली, असे ते सांगत. हे खरे आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वर्षाच्या बाबतीत आजोबांची थोडी गल्लत झाली असावी. १८८१ चा कायदा, धोकादायक यंत्रांना कठडे घालण्याची तरतूद सोडली, तर मुख्यतः मुलांपुरता होता. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ तासांची मर्यादा व महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. सात वर्षांच्या मुलाने नऊ तास राबणे कायद्याला मान्य होते, हे आज वाचतानाही मन सुन्न होते. प्रौढ कामगारांचे तास वा सुट्टी यांविषयी त्यात काहीच नव्हते.

ही उणीव मुंबईतील कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी चव्हाट्यावर आणली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला भरवलेल्या सभेतून त्यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारला दिले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, अशा त्यातील मागण्या होत्या. मालकांनी दाद दिली नाही. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारांनीही तेथे भाषणे केली, आणि जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला तो त्यानंतर, १८९१ मध्ये. म्हणजे मुंबईत सुट्टी आधी लढून मिळाली आणि कायदा मागून आला. याच कायद्याने स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा घातली.

पुरुषांच्या तासांना मात्र तेव्हाही बंधन नव्हते. सूर्यास्ताची मर्यादा गिरण्यांत विजेचे दिवे येताच उरली नाही आणि काम चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली, तर आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा नियम १९४६ च्या दुरुस्तीने आला. तिचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे मजूर खाते असताना मांडले गेले होते.