बिकॉज, सिन्स, ॲज की फॉर?

प्रश्न : मुलाच्या रजेच्या अर्जात मी नेहमी 'ॲज ही इज सफरिंग फ्रॉम फीव्हर' असे लिहिते. शेजारच्या ताई तिथे 'बिकॉज' हवे म्हणतात. दोन्हींचा अर्थ 'कारण' असाच असेल, तर बरोबर कोणते?

उत्तर : व्याकरणाने दोन्ही बरोबर आहेत, फरक आहे तो भर कुठे पडतो याचा. 'बिकॉज' वापरला की कारण हीच वाक्यातली खरी बातमी ठरते. 'ॲज' किंवा 'सिन्स' वापरला की कारण वाचणाऱ्याला ठाऊक आहे, किंवा निदान ते दुय्यम आहे, असे धरून आपण मुख्य मुद्द्याकडे वळतो. म्हणूनच 'व्हाय वॉज ही ॲब्सेंट?' या प्रश्नाला नुसते 'बिकॉज ही हॅड फीव्हर' एवढे उत्तर पुरते, पण 'सिन्स ही हॅड फीव्हर' किंवा 'ॲज ही हॅड फीव्हर' एवढ्यावर थांबता येत नाही.

आता तुमचा अर्ज पाहू. रजा आधी मागत असाल, तर मुख्य गोष्ट रजेची विनंती ही आहे. तापाचा उल्लेख 'ॲज'ने आधी करून पुढे विनंती मांडणे अगदी योग्य. पण मुलगा काल आला नाही हे वर्गशिक्षकांना माहीत आहे आणि का आला नाही एवढेच सांगायचे आहे, तेव्हा 'ही वॉज ॲब्सेंट यस्टरडे बिकॉज ही हॅड फीव्हर' हेच चांगले. मराठीत आपण हा भेद न शिकताच पाळतो. 'ताप असल्यामुळे तो येणार नाही' यात कारण आधी येते आणि बातमी नंतर. 'तो आला नाही, कारण त्याला ताप होता' यात कारणच शेवटी ठसते. पहिली रचना 'ॲज' आणि 'सिन्स'च्या जवळची आहे, दुसरी 'बिकॉज'च्या. ही जुळणी प्रत्येक वाक्यात तंतोतंत बसत नाही, तरी घाईत हाताशी ठेवण्याजोगी आहे.

प्रश्न : मी आठवीला इंग्रजी शिकवते. 'ॲज इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड ॲट होम' अशी वाक्ये वह्यांत सारखी येतात. मुलांना चूक समजावून कशी सांगावी?

उत्तर : ही चूक मुलांच्या निष्काळजीपणातून येत नाही, ती मराठीच्या सवयीतून येते. आपल्याकडे 'ज्याअर्थी'ला 'त्याअर्थी' लागते, 'जेव्हा'ला 'तेव्हा' आणि 'जरी'ला 'तरी'. इंग्रजीत दोन वाक्ये जोडायला एकच अव्यय पुरते, म्हणून 'ॲज' ठेवा किंवा 'सो' ठेवा. 'दो' (जरी) आणि 'बट' (पण) एकाच वाक्यात येतात तीही याच कुळातली चूक. लाल रेघ मारण्याआधी फळ्यावर ही मराठी जोडी लिहून दाखवा. आपली चूक कुठून आली हे कळलेले मूल ती लवकर सोडते.

प्रश्न : 'सिन्स' आणि 'ॲज' वेळही दाखवतात. मग गोंधळ होत नाही का?

उत्तर : होतो, आणि म्हणूनच जपायला हवे. 'ॲज ही वॉज लीव्हिंग, आय गेव्ह हिम द कीज' म्हणजे तो निघत असताना किल्ल्या दिल्या, की तो निघत होता म्हणून दिल्या? 'सिन्स शी लेफ्ट द जॉब, शी हॅज बीन अनहॅपी' यातही नोकरी सोडल्यापासून, की सोडल्यामुळे, हे नक्की सांगता येत नाही. करार, औषधाच्या सूचना, कार्यालयीन पत्रे यांत अशी संदिग्धता राहू देऊ नये. तिथे निःशंकपणे 'बिकॉज' लिहावे. 'बिकॉज'ने वाक्य सुरू करू नये, हा शाळेत ऐकलेला नियम मनातून काढून टाकावा. मुख्य वाक्य पूर्ण असले की झाले.

प्रश्न : 'शी डिड नॉट लीव्ह द कंपनी बिकॉज द बॉस वॉज हर अंकल.' तिने नोकरी सोडली की नाही? आमच्या ऑफिसात यावर दोन तट पडले आहेत.

उत्तर : दोन्ही तट बरोबर आहेत, दोष वाक्याचा आहे. साहेब मामा होते म्हणून ती टिकून राहिली, हा एक अर्थ. तिने सोडली खरी, पण साहेब मामा होते या कारणाने नव्हे, हा दुसरा. मराठीतही 'साहेब मामा होते म्हणून तिने नोकरी सोडली नाही' हे वाक्य तसेच दुहेरी आहे. पण आपण 'म्हणून काही तिने नोकरी सोडली नाही' असे म्हणतो आणि एका 'काही'ने दुसरा अर्थ पक्का होतो. इंग्रजीत असा 'काही' नाही. पहिला अर्थ हवा असेल तर 'बिकॉज'चा भाग आधी आणावा, किंवा निदान त्याच्या आधी स्वल्पविराम द्यावा. दुसरा हवा असेल तर वाक्य मोडून नवे करावे : 'शी लेफ्ट द कंपनी, बट नॉट बिकॉज द बॉस वॉज हर अंकल.' नकारार्थी वाक्यापुढे 'बिकॉज' आला की ते वाक्य एकदा मोठ्याने वाचून पाहावे.

प्रश्न : 'कारण' या अर्थाने 'फॉर' कधी वापरावा?

उत्तर : रोजच्या लिहिण्यात क्वचितच, त्याचा बाज ग्रांथिक आहे. तो नेहमी दुसऱ्या वाक्याच्या आरंभी, स्वल्पविरामानंतर येतो, आणि पुष्कळदा तो कारण नव्हे तर पुरावा देतो. 'इट मस्ट हॅव रेन्ड, फॉर द रोड इज वेट' या वाक्यात रस्ता ओला असल्यामुळे पाऊस पडलेला नाही. ओल्या रस्त्यावरून आपण पावसाचा अंदाज बांधला आहे. मराठीतले 'कारण' ही दोन्ही कामे करते, त्यामुळे हा फरक आपल्या नजरेतून सुटतो.