विंडोज अपडेट अर्धवट राहिलं आणि लॅपटॉप सुरूच होत नाही. फॉरमॅट मारणं हाच उपाय आहे का? आणि ही अपडेट्स कायमची बंद करता येतात का?

नाही. आणि "फॉरमॅट मारून टाक, तासाभराचं काम आहे" असं सांगणाऱ्या तुमच्या मित्राला आधी लॅपटॉपपासून चार हात लांब ठेवा.

तुमच्या प्रश्नातली एक ओळ वाचली आणि मी लिहायला बसले. "अपडेट ६१ टक्क्यांवर तासभर अडकलं म्हणून पॉवर बटण दाबून बंद केलं, आता निळ्या पडद्यावर कसली तरी की मागतोय." हाच पडदा आमच्या घरात येऊन गेलाय. त्यावरून माझं आणि माझ्या धाकट्या दिरांचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, त्यामुळे हे उत्तर निःपक्षपाती वगैरे समजू नका.

मी अनुवाद करते. संगणकाचं शिक्षण शून्य. आमच्या घरातले 'कॉम्प्युटरवाले' म्हणजे भाऊजी. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक बूटेबल पेन ड्राइव्ह (ज्यावरून विंडोज नव्याने टाकता येतं) कायम लटकलेला असतो आणि कुणाचाही लॅपटॉप कुरकुरला की निदान ठरलेलं. आठ-नऊ वर्षांपूर्वी आमचा जुना लॅपटॉप असाच एका अर्धवट अपडेटनंतर सारखा रिस्टार्ट व्हायला लागला. मी बाहेर गेले होते. परत आले तर लॅपटॉप नव्यासारखा, स्वच्छ. इतका स्वच्छ की मुलीचे पहिल्या दोन वर्षांचे फोटोसुद्धा त्यावर उरले नव्हते. "वहिनी, बॅकअप नव्हता का?" नव्हता. ती चूक माझी, मी कधीच नाकारली नाही. पण बॅकअप आहे की नाही हे न विचारता पुसायला घेणं ही चूक कुणाची, याचं उत्तर भाऊजींनी आजवर दिलेलं नाही.

तेव्हापासून मी या विषयाचं जमेल तेवढं वाचत गेले. रागाने माणूस बरंच शिकतो.

दुसरा प्रसंग दोन वर्षांपूर्वीचा. एका मोठ्या पुस्तकाच्या अनुवादाची २१२ पानं झाली होती, सोमवारी द्यायची होती. अपडेटची सूचना महिनाभर येत होती आणि मी ती महिनाभर ढकलत होते. शुक्रवारी रात्री एकदाचं 'अपडेट अँड शट डाउन' दाबलं आणि झोपले. सी ड्राइव्हवर जेमतेम ५ जीबी जागा उरली होती हे बघितलंच नाही. भाऊजी मुक्कामाला होते. सकाळी उठले तर म्हणाले, "वहिनी, तुमचा लॅपटॉप रात्रभर हँग होता, ३० टक्क्यांवरच. मी बटण दाबून बंद करून ठेवलाय." आवाजात उपकार केल्याचा भाव.

टक्केवारीबद्दल एकदाच सांगते. तो आकडा वेळेचा नसतो. विंडोजचं मोठं अपडेट टप्प्याटप्प्याने होतं. विंडोज चालू असताना तयारी होते, मग एका छोट्या सुरक्षित वातावरणात खरी अदलाबदल होते, मग पहिलं बूट, मग दुसरं. आकडा एका जागी तासभर बसला तरी आत काम चालू असू शकतं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर रात्रभरही. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर हात लावू नका. आणि पडद्यावर 'बदल मागे घेत आहोत' अशा अर्थाचा मजकूर असेल तेव्हा तर अजिबात नाही. त्या वेळी विंडोज स्वतःच स्वतःला आधीच्या जागी नेत असतं. तिथे वीज तोडणं म्हणजे शिडीवरून उतरणाऱ्या माणसाची शिडी काढून घेणं.

तर, लॅपटॉप सुरू केला. निळा पडदा, ४८ अंकी रिकव्हरी की द्या. भाऊजींनी जुडगा काढला. "हा लॉक झालाय. आता फॉरमॅटशिवाय पर्याय नाही."

मी म्हटलं, हात लावायचा नाही.

हा पडदा म्हणजे बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. बूट होतानाच्या गोष्टी बदललेल्या दिसल्या की ती चिप किल्ली सोडत नाही आणि मग तुमच्याकडे की मागितली जाते. म्हणजे तो पडदा आला याचा अर्थ फाइली गेल्या असा होत नाही. उलट त्या जागच्या जागी आहेत, फक्त दार बंद आहे. फॉरमॅट मारलात की मात्र खरंच गेल्या, आणि डिस्क कुलूपबंद असल्यामुळे नंतर कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर काही बाहेर काढू शकत नाही. माझ्या मुलीच्या फोटोंच्या वेळी निदान ती तरी आशा होती.

ही की साधारणपणे मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. मोबाइलवर ब्राउझरमध्ये खातं उघडा, त्यात तुमच्या उपकरणाखाली बिटलॉकर कीज बघा. माझ्या खात्यात काही नव्हतं. नवऱ्याच्या खात्यात काही नव्हतं. दुपारचे दोन वाजले, भाऊजी पाठीमागे दर पंधरा मिनिटांनी "आतापर्यंत झालासुद्धा असता" म्हणत होते. मग डोक्यात आलं की हा लॅपटॉप नवीन आणला तेव्हा पहिल्यांदा चालू करून कुणी दिला होता? भाऊजींनी. कुठल्या खात्याने? "माझ्या खात्यात कशाला असेल," म्हणाले. लॉगिन केलं तर तीन किया. घरातल्या तीन लॅपटॉपच्या. निळ्या पडद्यावर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवली आणि आमची सापडली.

सहा-सहा अंकांचे आठ गट. त्यांनी वाचायचे, मी टाकायचे. यातला प्रत्येक गट ११ ने भागला जातो, त्यामुळे एखादा अंक चुकला की पडदा त्याच गटावर अडवतो, शेवटपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मला हे फार आवडलं. भाऊजींना आवडलं नसावं.

दार उघडल्यावर ते म्हणाले आता 'स्टार्टअप रिपेअर' दाबा. मी आधी फाइली बाहेर काढल्या, आणि माझा सल्ला विचाराल तर तुम्हीही हेच करा, दुरुस्ती नंतर. रिकव्हरीच्या पडद्यावर ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. तिथे नोटपॅड असं टाइप करायचं (इंग्रजीत), एंटर. नोटपॅड उघडलं की फाइल, ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडायचं, नाहीतर वर्डच्या फाइली दिसत नाहीत. त्या छोट्या खिडकीतून सगळे फोल्डर फिरता येतात, राइट क्लिक करून कॉपी करता येते आणि पेन ड्राइव्हवर पेस्ट करता येते. तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, सी म्हणजे सीच असेल असं नाही. मोठी फाइल कॉपी होताना खिडकी गोठल्यासारखी वाटते. गोठू द्या.

घरात त्या क्षणी मोकळा पेन ड्राइव्ह नव्हता. एकच होता, भाऊजींच्या जुडग्यातला. त्यावर बरीच जागा शिल्लक होती. माझी २१२ पानं त्यांच्या फॉरमॅटवाल्या पेन ड्राइव्हवर बसून बाहेर आली.

पुढचं अगदी साधं झालं. त्याच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स' असतं. त्यात दोन पर्याय येतात, दर महिन्याचं क्वालिटी अपडेट आणि वर्षाकाठी येणारं मोठं फीचर अपडेट. जे अडकलंय ते काढायचं. माझं क्वालिटी अपडेट होतं. चाळीसेक मिनिटं गेली आणि लॅपटॉप उठला. जागा मोकळी केली, चार्जर लावून ठेवला, तेच अपडेट पुन्हा चालवलं आणि ते मुकाट्याने झालं. हे काढूनही नाही उठला तर सेफ मोड (अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर विंडोज चालू करणं), मग सिस्टिम रिस्टोअर (विंडोजला आधीच्या एका तारखेच्या स्थितीत नेणं). तेही नाही जमलं तर 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'कीप माय फाइल्स'. त्यात तुमच्या फाइली राहतात, पण बसवलेली सॉफ्टवेअर जातात, तेवढं ध्यानात ठेवा. आणि लॅपटॉप उठतोय पण अपडेट दर वेळी नापास होतंय असा प्रकार असेल, तर आधी जागा बघा, मग कमांड प्रॉम्प्टवरून डिझ्म आणि एसएफसी ही विंडोजच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करणारी दोन अवजारं चालवा. ते कसं, हे शंभर ठिकाणी लिहिलेलं सापडेल.

आता भाऊजी चारचौघांत सांगतात, "वहिनींचा लॅपटॉप उडाला होता, की माझ्याकडे होती म्हणून वाचला." यातला एकही शब्द खोटा नाही. म्हणून तर जास्त राग येतो.

त्यांचा दुसरा आवडता मुद्दा म्हणजे अपडेटच मुळात वाईट, आणि पुरावा म्हणून ऑक्टोबर २०१८. हेही खरं आहे. २ ऑक्टोबर २०१८ ला आलेल्या विंडोज १० च्या अपडेटमध्ये काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली पुसल्या गेल्या. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने ते थांबवलं आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त करून पुन्हा दिलं. पण मग माझा पुरावाही ऐका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. (ते विंडोजचं अपडेट नव्हतं, सुरक्षा सॉफ्टवेअरचं होतं.) उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढणे. कित्येक ठिकाणी खरी पंचाईत झाली ती हीच ४८ अंकी की शोधताना. आणि जानेवारी २०२४ चं केबी५०३४४४१ हे विंडोज अपडेट आठवतंय? अनेकांकडे ते ०६४३ ने संपणारा एरर देऊन दर वेळी पडायचं. कारण एवढंच की रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या डिस्कच्या तुकड्यात, २५० एमबी जागा मोकळी नव्हती. त्यासाठी अख्खी डिस्क पुसणं म्हणजे दाराची कडी लागत नाही म्हणून घर पाडणं.

तुमचा दुसरा प्रश्न, कायमचं बंद करता येतं का. खटपटी करून येतं, पण मी सांगणार नाही. सेटिंग्जमध्ये पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, तेवढं पुरे. विंडोज १० वर असाल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, तो वेगळा विषय.

काही गोष्टी वर सांगायला हव्या होत्या, राहिल्या. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर यातलं काहीही करू नका, की तुमच्या आयटी विभागाकडे असेल, त्यांना फोन करा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा कॉपी करताना फाइली वाचताच येत नसतील, तर गडबड अपडेटची नाही, डिस्कच मरतेय. तेव्हा अनइन्स्टॉल, रिपेअर काही न चालवता जमेल तेवढं बाहेर काढा आणि बंद करा. ज्यावर जपण्यासारखं काहीच नाही अशा लॅपटॉपला फॉरमॅट मारायला माझी हरकत नाही. गेल्या वर्षी भाऊजींनी त्यांच्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपला मारला, बरोबर केलं.

आणि की कुठेच सापडली नाही तर मात्र फॉरमॅटच. ती मायक्रोसॉफ्टलाही नव्याने काढून देता येत नाही. पण त्याआधी, लॅपटॉप आणला त्या दिवशी तो पहिल्यांदा सुरू कुणी करून दिला होता, ते आठवा. त्या माणसाला विचारा. तो "माझ्याकडे कशाला असेल" म्हणाला, तरी समोर बसवून लॉगिन करून बघायला लावा.