मृग ‘लागतो’ तेव्हा तो दिसत का नाही?

प्रश्न पुण्यातल्याच एका हौशी आकाशनिरीक्षकाचा आहे. दरवर्षी ७ किंवा ८ जूनला ‘मृग नक्षत्र लागले’ असे सगळे म्हणतात, पण त्या रात्री सिंहगडावर गेले आणि नशिबाने ढग नसले, तरी मृगाचा एकही तारा सापडत नाही. मग ‘लागले’ हा प्रयोग चुकीचा मानून ‘मावळले’ म्हणावे काय?

प्रयोग अचूक आहे. गोंधळ ‘नक्षत्र’ या शब्दाच्या दुहेरी अर्थामुळे होतो. मृगाचे चार पाय आणि पोटात रुतलेला व्याधाचा बाण ज्यांत आपण पाहतो, तो ताऱ्यांचा समूह म्हणजे नक्षत्र. परंतु सूर्याच्या वार्षिक मार्गाचे, म्हणजे क्रांतिवृत्ताचे, २७ समान भाग केले असता होणाऱ्या १३ अंश २० कलांच्या प्रत्येक भागालाही नक्षत्रच म्हणतात. पावसाची नक्षत्रे या दुसऱ्या अर्थाची आणि सूर्याच्या हिशोबाची आहेत. सूर्य अशा एका भागात सुमारे दोन आठवडे असतो आणि तो मृगाच्या भागात शिरला की मृग लागला. त्या दिवसांत मृगाचे तारे जवळजवळ सूर्याबरोबरच उगवतात आणि मावळतात, त्यामुळे ते न दिसणे हीच खरे तर मृग लागल्याची खूण आहे.

पंचांगातले रोजचे नक्षत्र मात्र चंद्राचे असते, आणि महिन्यांची नावेही चंद्रावरूनच पडली आहेत. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला चंद्र मृगशीर्षाच्या आसपास असतो आणि सूर्य समोरच्या बाजूला, म्हणून त्या सुमारास मृग रात्रभर पाहता येतो. प्रश्नकर्त्यांनी सिंहगडाची फेरी डिसेंबरात करावी.

राहिले ‘लागणे’. श्रावण लागतो, पावसाळा लागतो, ग्रहण लागते. या सर्व ठिकाणी क्रियापद कालावधीचा आरंभ सांगते, क्षितिजाशी त्याचा संबंध नाही. ‘उगवणे’ आणि ‘मावळणे’ ताऱ्यांसाठी राखून ठेवावे. ‘मृग लागला’ आणि ‘मृग नक्षत्र लागले’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत, कारण पहिल्यात कर्ता पुल्लिंगी ‘मृग’ आहे आणि दुसऱ्यात नपुंसकलिंगी ‘नक्षत्र’. बोलीतला ‘मिरग’ही पुल्लिंगीच, आणि मला तो अधिक ओला वाटतो.

हस्ताची गंमत याहून मोठी आहे. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्तात जातो, ‘हत्तीचा पाऊस’ पडतो आणि पुण्याच्या वाड्यांपासून सोसायट्यांपर्यंत पाटावर हत्ती मांडून मुली भोंडल्याचा फेर धरतात. ‘हस्त’ म्हणजे वास्तविक हात. ‘हस्ती’ म्हणजे हत्ती. हाताच्या पंजासारखे ते पाच तारे मात्र भोंडल्याच्या दिवसांत सूर्यप्रकाशात हरवलेले असतात, आणि पाहायचे असतील तर मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे नजर टाकावी लागते.