ओपीडीच्या टोकन-फलकासाठी कोणता एसओसी (एकाच चिपमध्ये जवळपास अख्खा संगणक) घ्यावा?

तुमची गरज मला कळली ती अशी. दवाखान्यांच्या ओपीडीत लावायचा फलक, त्यावर टोकन नंबर आणि डॉक्टरांचं नाव मराठीत, नंबर पुकारलाही जाणार, आणि मधल्या वेळात १०८०पी आरोग्य-व्हिडिओ. पहिल्या वर्षी ३०० नग, पुढे पाच वर्षं देखभाल. ऑलविनर एच३, रॉकचिप आरके३५६६ आणि एनएक्सपीचा आय.एमएक्स ६यूएलएल यांतून एक निवडायचाय आणि स्वस्त पडतो म्हणून तुमचा कल एच३कडे आहे.

माझं मत आरके३५६६, तोही तयार मॉड्यूलवर, म्हणजे चिप, मेमरी वगैरे आधीच बसवलेल्या छोट्या बोर्डावर. कोर किती आणि गिगाहर्ट्‌झ किती, हे या कामात जवळजवळ गौण आहे. व्हिडिओ डिकोडरला (व्हिडिओ उलगडणारा चिपमधला भाग) चालू लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर, आहे का, मेमरीतून सेकंदाला पुरेसा डेटा ये-जा करतो का आणि पाच वर्षांनी तीच चिप मिळेल का, एवढं आधी बघा.

६यूएलएल लगेच बाजूला ठेवू. चिप म्हणून ती मला आवडते: वीज कमी खाते, कागदपत्रं उत्तम, आणि एनएक्सपीच्या दीर्घकालीन पुरवठ्याच्या यादीतल्या चिप किमान १० वर्षं मिळतात. पण तिच्यात एकच कॉर्टेक्स-ए७ कोर आहे, व्हिडिओ डिकोडर नाही, जीपीयू (चित्रं काढणारा भाग) नाही आणि एलसीडी कंट्रोलर १३६६ × ७६८ पर्यंतच जातो. मीटर वाचायला, गेटवे बनवायला घ्या. तुमच्या फलकाला ती नाही.

मेमरीचा हिशेब मात्र एकदा स्वतः करून बघा. १९२० × १०८० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, सेकंदाला ६० वेळा. म्हणजे नुसतं चित्र पडद्यावर टिकवायला सेकंदाला जवळपास ५०० एमबी वाचन. १६-बिट डीडीआर३ मेमरी ४०० मेगाहर्ट्‌झवर चालवली तर कागदावरचा वेग सेकंदाला १.६ जीबी. त्यातला तिसरा हिस्सा पडद्यानेच नेला, आणि डिकोडर, सीपीयू, नेटवर्क अजून रांगेत उभेच आहेत. स्वस्त बोर्डांवर व्हिडिओ मध्येच अडखळतो त्यामागे अनेकदा हेच असतं, आणि लोक दोष सीपीयूला देतात.

एच३ वाईट नाही. २०१८ मध्ये बूटलिन या लिनक्सचं काम करणाऱ्या कंपनीने लोकवर्गणी काढून ऑलविनरच्या डिकोडरसाठी सिड्रस हा ड्रायव्हर लिहिला, आणि माली-४०० जीपीयूचा लिमा ड्रायव्हर २०१९ मध्ये कर्नल ५.२ मध्ये आला. इतक्या स्वस्त चिपला इतका खुला आधार क्वचित मिळतो. माझी हरकत उष्णतेवर आहे. ४० नॅनोमीटरची ही चिप चारही कोर चालले की चांगलीच तापते. तुमचा डबा बंद, पंखा नाही, बाहेर मुंबईचा मे महिना. तापली की ती वेग कमी करणार, आणि नेमकी दुपारी गर्दीच्या वेळी.

आरके३५६६ मध्ये चार कॉर्टेक्स-ए५५ आहेत, २२ नॅनोमीटरवर, शिवाय टीव्हीसाठी एचडीएमआय आणि पॅनलसाठी एलव्हीडीएस अशा दोन्ही जोडण्या, त्यामुळे टीव्ही लावा नाहीतर उघडं पॅनल. मूळ कर्नलमध्ये (लिनक्सचा अधिकृत, सतत अद्ययावत होणारा कर्नल) पॅनफ्रॉस्ट हा ड्रायव्हर जीपीयू सांभाळतो आणि हॅन्ट्रो ड्रायव्हर १०८०पी एच.२६४ (व्हिडिओचा एक प्रकार) डिकोड करतो. व्हिडिओ तुम्हीच पुरवणार आहात, तेव्हा सगळे एच.२६४ मध्येच करून घ्या आणि एच.२६५ च्या नादी लागू नका. विक्रेता स्वतःचा जुना, ठिगळं लावलेला कर्नल देईल. प्रात्यक्षिकापुरता तो वापरा, पण उत्पादन मूळ कर्नलवरच उभं करा. नाहीतर तिसऱ्या वर्षी सुरक्षेचा एखादा दुरुस्ती-पॅच हवा असेल तेव्हा देणारा कोणी नसेल.

आता ज्याकडे फार कमी जण बघतात ते. तुमचा मजकूर मराठी आहे. एलव्हीजीएल ही पडद्यावर मजकूर-चित्रं काढणारी लायब्ररी हलकी आणि छान आहे, पण देवनागरीची जोडाक्षरं ती स्वतःहून जुळवत नाही. ‘क्षयरोग’मधला क्ष फुटतो, ‘चिकित्सा’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. दवाखान्यात म्हातारी माणसं हा फलक वाचणार आहेत, तिथे हे चालवून घेऊ नका. हार्फबझ (जोडाक्षरं जुळवणारी लायब्ररी) वापरणारं क्यूटी किंवा पँगो असं सॉफ्टवेअर लागेल, म्हणजे रॅमही तशीच. मी १ जीबी घेईन.

पडदा ७ इंची, १०२४ × ६०० चालत असेल तर ऑलविनर टी११३-एस३ जरूर बघा. दोन ए७ कोर आणि १२८ एमबी डीडीआर३ चिपच्या पोटातच. पाय बाहेर असलेलं पॅकेज, त्यामुळे बीजीए (चिपच्या पोटाखाली लपलेले सोल्डरचे ठिपके) नाही, मेमरीच्या तारा समान लांबीच्या आखायची कटकट नाही. जीपीयू मात्र नाही, तेव्हा क्यूटी विजेट्सवर (क्यूटीचा जीपीयू न लागणारा साधा प्रकार) भागवावं लागेल. आणि एखाद्या मोठ्या रुग्णालयाने करारात १० वर्षं मागितली, तर आय.एमएक्स ८एम मिनी. त्यात १०८०पी डिकोडर आहे, पण पडद्यासाठी बाहेर फक्त एमआयपीआय डीएसआय ही पॅनलची जोडणी, म्हणून एचडीएमआयसाठी वेगळी ब्रिज चिप धरा.

मॉड्यूल का, तर ३०० नगांत चिपमागे वाचलेले पैसे डीडीआर मेमरी, पीएमआयसी (वीज सांभाळणारी चिप) आणि सहा थरांच्या पीसीबीच्या दोन फेऱ्यांत सहज जातात. वायफाय असेल तर डब्ल्यूपीसीची (केंद्राचा बिनतारी परवाने देणारा विभाग) ईटीए ही मंजुरी लागते, म्हणून ती आधीच मिळालेलं वायफाय मॉड्यूल शोधा. ईएमआय चाचणीसाठी (उपकरणाचा इतरांना होणारा विद्युतचुंबकीय त्रास मोजणारी) ईआरटीएल (पश्चिम) ही सरकारी प्रयोगशाळा तुमच्याच अंधेरी एमआयडीसीत आहे, तिथे पहिला नमुना घेऊनच जा, शेवटचा नव्हे. टीव्ही बॉक्स फोडून डब्यात बसवायचा मोह टाळा. त्याच नावाच्या पुढच्या खेपेत वायफाय चिप किंवा रॅम बदललेली निघते.

साठवणुकीला एसडी कार्ड नको, ईएमएमसी (बोर्डावरच जोडलेली साठवण-चिप) घ्या. लिनक्स असलेलं रूट विभाजन फक्त-वाचनीय ठेवा, कारण संध्याकाळी दवाखाना बंद करणारा माणूस मेन स्विचच बंद करतो आणि लिहिता लिहिता वीज गेली तर फाइली बिघडतात. लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) किंवा कुठेही आरके३५६६ चा एखादा बोर्ड मिळाला की तो तुमच्याच डब्यात घालून झाकण लावा, व्हिडिओ रात्रभर फिरवा, आणि तापमान व गळलेल्या फ्रेम यांची नोंद इथे टाका. हीटसिंक किती मोठा लागेल ते आकडे बघून सांगतो.